कमरेवरचा आवाज

कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात कल्याणरामला दोन नावं होती. पितळी भांड्यांच्या दुकानात तो ‘समई कल्याणराम’, कारण लग्नाच्या समया निवडायला आलेल्या बायका दुसऱ्या कोणाशी बोलायलाच तयार नसायच्या. आणि दुकानाबाहेर ‘गिटार कल्याणराम’. भजनी घराण्यातला माणूस, कपाळावर गोपीचंदन, कमरेला वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि गळ्यात गिटार! लोक हसायचे. हसेनात का, त्याला हसण्याचं कधी वावडं नव्हतं.

गिटार त्याच्या आयुष्यात आली ती काही देवाच्या वाटेनं नाही. वडील लवकर गेले आणि थोरल्या भावानं, स्वामीनाथनं, त्याला हाताला धरून वाढवलं. या अण्णांना वाटत होतं, धाकटा शिकून बँकेत लागेल. धाकटा कॉलेजात आपटला आणि सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका पार्टीत शिरला. लग्नं, देवळांचे उत्सव, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे रंगीत शर्ट घालून वाजवायचा. घरात नातेवाईकांनी तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलं. अण्णा मात्र एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत याचंच कल्याणरामला जास्त लागायचं.

मग एका वर्षी असं झालं, की राधाकल्याणाचा, म्हणजे राधाकृष्णाच्या लग्नाचा, उत्सव तोंडावर आला आणि पेटी वाजवणारे काका मुलाकडे बेंगळूरला निघून गेले. अण्णा होते भागवतर; भजन चालवणाऱ्या मुख्य गायकाला इकडे भागवतर म्हणतात. पेटी नाही तर उत्सव कसा करणार? ते धाकट्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तुझ्या त्या वाद्यात माझा सूर सापडतो का, बघ जरा.” सापडला. कल्याणरामची पार्टी सुटली ती त्या दिवसापासून. लग्नाचं राहून गेलं, आणि राहून गेलं याची त्याला फारशी आठवणही झाली नाही. दिवसा समया आणि संध्याकाळी अण्णांच्या डाव्या हाताला बसून गिटार, असं त्याचं आयुष्य छान मार्गी लागलं होतं.

आता ही माणसं मराठी. भोसल्यांच्या राज्यात कधीतरी इकडे आलेली, आणि घरात अजून जुनंपुराणं मराठी बोलणारी. कोणी पुण्याकडचा पाहुणा आलाच तर गालातल्या गालात हसतो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. भाजीवाला, बस, दुकान, देऊळ, सगळं तमिळ. मराठी रस्त्यावर यायचं ते वर्षातल्या ठरावीक सकाळीच, धनुर्मासातल्या उंछवृत्तीला.

उंछवृत्ती म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. भागवतरानं खांद्याला तांब्याचं पात्र अडकवायचं, अनवाणी निघायचं आणि अभंग गात गल्लीतून जायचं. घरातल्या बाईनं गाणं ऐकून बाहेर यायचं, त्याच्या पायावर पाणी घालायचं आणि पात्रात मूठभर तांदूळ टाकायचे. नियम कडक. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, मागायचं तर नाहीच. गाणं आत पोचलं तर दार उघडेल, नाही पोचलं तर पुढे चालायचं. आणि पहिल्या दाराशी सुरू झालेलं गाणं शेवटच्या दाराशी आरती होईपर्यंत मोडायचं नाही. खोकला आला तरी, ठेच लागली तरी. मोडलं तर त्या गल्लीचं अशुभ, अशी समजूत. दर शनिवारी एक गाव धरून अण्णांची मंडळी व्हॅननं जायची: तिरुक्करुगावूर, चोळपुरम्, आणि शेवटी अरसलार नदी ओलांडून साक्कोट्टै.

अण्णांचा आवाज असा होता, की त्यांनी गल्लीच्या तोंडाशी पहिली ओळ उचलली की टोकाच्या घरात बाया तांदूळ घेऊन उठायच्या. त्या वेळी गिटारचं तिथे काही काम नव्हतं. कल्याणराम झांजा घेऊन चालायचा आणि भावाच्या आवाजात आपला आवाज लपवायचा. त्याला गाता येत नाही असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मग अण्णांचा हात थरथरायला लागला. आधी चिपळ्या सुटल्या, मग चालणं आखूड झालं, आणि मग आवाज. तंजावूरच्या डॉक्टरांनी समजावलं की हा कंपवात आहे, यात गळ्याचं बळ हळूहळू जातं, सूर शाबूत राहतो पण आवाज लहान होतो. लहान म्हणजे किती लहान, ते गेल्या वर्षी चोळपुरम् इथे कळलं. मंडळीही आटली होती. मृदंगवाले चेन्नईला, साथीचे गायक परदेशी. उरले दोघे भाऊ, सीतालक्ष्मी वहिनी आणि अण्णांची मुलगी स्फूर्ती. वहिनी झांज हळू वाजवत होत्या, नाहीतर नवऱ्याचा आवाज झांजेखालीच जायचा. नुसती झांज ऐकून घरांतली नवी बिऱ्हाडं बाहेर येईनात. दारावर येणाऱ्यांना काय तोटा आहे! अण्णा दाराशी उभे राहून अभंग पुरा करायचे आणि आतून टीव्हीचा आवाज यायचा. अशी कितीतरी दारं बंदच राहिली. घरी आल्यावर अण्णा पानावर बसले, भात कालवला आणि न जेवता उठले.

 पुढच्या धनुर्मासात अण्णांच्या पुढ्यातलं एकही दार बंद राहता कामा नये, हे कल्याणरामनं मनाशी पक्कं केलं. आपल्याकडे आहे काय? गिटार. ती गल्लीत, चालता चालता, ऐकू आली पाहिजे. त्या गावांना गिटार ओळखीची होती. उत्सवाच्या संध्याकाळी तिथलीच माणसं येऊन ऐकायची. गिटार वाजली म्हणजे स्वामीनाथ भागवतर आले, एवढं तर कोणालाही कळलं असतं. हवा होता तो एक छोटा, प्रवासात नेता येईल असा अँप, म्हणजे अँप्लिफायर.

झालं, माणूस अँपच्या मागे लागला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर अँपचे व्हिडिओ. मालक म्हणाले, तुझी समई विझली वाटतं. पहिला अँप त्यानं घरपोच मागवला. साबणाच्या वडीएवढा, पट्ट्याला अडकवायचा. फोटोत रुबाबदार, पण त्याचा आवाज डास कानाशी आल्यासारखा. तो परत गेला. दुसरा एका जुन्या पार्टीवाल्या मित्राकडून आणला. आवाज दणदणीत, पण खांद्याला लावला की कल्याणराम एका बाजूला कलायचा, आणि अनवाणी, खडीच्या रस्त्यावर, साठीकडे झुकलेल्या माणसानं तो किती वाहायचा? तिसऱ्यात ड्रम होते, पावसाचे आवाज होते, हजार करामती होत्या; साधा स्वच्छ सूर तेवढा नव्हता. थोडा मोठा केला की फाटायचा.

शेवटी तो माईकवाल्या सुंदरेशकडे गेला. सुंदरेश लग्नाकार्यांना स्पीकर भाड्यानं द्यायचा आणि जगातली कुठलीही अडचण स्पीकरनं सुटते असं मानायचा. त्यानं एक डबा पुढे केला. जेवणाच्या डब्याएवढा, पट्टा लावून कमरेशी लटकणारा, एका चार्जिंगवर सकाळ सहज काढणारा. सूर स्वच्छ. शिवाय त्याला दोन भोकं होती, एक गिटारला आणि एक माईकला. सुंदरेश म्हणाला की भावाच्या कॉलरला बारीकसा माईक लाव, सगळा प्रश्नच मिटला.

कल्याणरामला हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. पण अण्णांना विचारायचं कसं? तरी त्यानं धीर करून विचारलं. अण्णा हसले आणि नाही म्हणाले. वाद्याला यंत्र लाव, वाद्य लाकडाचं असतं. पण दारात उभं राहणाऱ्याचं तोंड आणि घरातल्या बाईचा कान, यांच्या मध्ये काही घालायचं नाही. वडिलांनी नाही घातलं, मी नाही घालणार.  कल्याणरामनं डबा घेतला आणि माईकच्या भोकात कापूस कोंबून टाकला.

मग परीक्षा. ही परीक्षा म्हणजे सगळ्या घराला करमणूक होती. कल्याणराम गल्लीत उभा राहून वाजवायचा आणि स्फूर्ती मागच्या स्वयंपाकघरात उभी राहायची. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा तिनं ते पद्धतशीर घेतलं. आधी नुसतंच, मग चटणीचा मिक्सर लावून, मग मिक्सर आणि टीव्ही दोन्ही लावून. दर वेळी बाहेर येऊन सांगायची: आलं, नाही आलं, अर्धं आलं. शेजारचा म्हातारा ओट्यावर बसून म्हणाला की आमच्या आतही येतंय, आता पुरे करा. ज्या दिवशी मिक्सर, टीव्ही आणि नळ चालू असताना गिटार आत पोचली, त्या दिवशी कल्याणरामच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी आनंद दिसला.

स्फूर्ती हात पुसत ओट्यावर आली. म्हणाली, “काका, गिटार येते ऐकू. अप्पा येतील का?” वडिलांना ती अप्पा म्हणते.

“दार तर उघडू दे,” तो म्हणाला. “दार उघडलं की येतीलच.”

तिला आणखी काही म्हणायचं होतं. पण काका इतका खूश होता, की ती गप्प बसली.

धनुर्मास आला. पहिल्या शनिवारी तिरुक्करुगावूर. पहाटेचं धुकं, दाराशी ओल्या रांगोळ्या, आणि कल्याणरामच्या कमरेला डबा. तो नेहमीसारखा अण्णांच्या डाव्या हाताला चालत होता आणि डबा त्याच्या उजव्या कमरेशी, म्हणजे दोघा भावांच्या बरोबर मध्ये. आणि काय सांगू, दारं उघडली! एक सोडून एक नाही, सगळी. अण्णा दारापाशी पोचायच्या आधीच बाया पाण्याचा तांब्या आणि तांदळाचं ताट घेऊन उभ्या. नव्या बिऱ्हाडांतली पोरंसोरंसुद्धा कोण वाजवतंय ते बघायला बाहेर. पात्र दोनदा रिकामं करावं लागलं. अण्णांचे डोळे पाणावले होते. त्या दुपारी ते पोटभर जेवले, वर ताक मागून घेतलं. सीतालक्ष्मी वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, ते सुखाचं रडणं होतं. कल्याणरामला वाटलं, जन्मात आपण एक काम तरी धड केलं.

चोळपुरम् इथेही तसंच. गेल्या वर्षी बंद राहिलेली दारं यंदा उघडली. तिथे अण्णा वाटेत जरा जास्त थांबत होते, पण थकवा म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

मग साक्कोट्टै. त्या सकाळी गल्लीत ट्रॅक्टरची ये-जा होती, म्हणून कल्याणरामनं गल्लीच्या तोंडाशीच डब्याचा आवाज वाढवला. अण्णांनी पहिली ओळ उचलली. ती त्याला ऐकू आली. नंतर त्यानं शपथेवर सांगितलं, ती ऐकू आली होती. मग वाजवण्यात तो रंगला. भावाकडे बघायचा तो त्याच्या पायांकडे. ठेच लागू नये, तोल जाऊ नये, एवढंच. ओठ हलताहेत, हे डोळ्यांच्या कडेनं दिसत होतं. दारं उघडत होती, पाणी पडत होतं, तांदूळ पडत होते. वहिनी आणि स्फूर्ती मागून झांज धरून येत होत्या, त्यांना पुढून गिटारच ऐकू येत होती.

शेवटचं घर अलमेलुआजीचं. ही तमिळ बाई, पार वाकलेली. मराठीचं एक अक्षर तिला कळत नाही, पण अण्णांचे सगळे अभंग तोंडपाठ. कान गेल्यापासून तिची रीत अशी, की ती तांदूळ टाकायच्या आधी अण्णांच्या तोंडाशी कान नेऊन एक कडवं ऐकायची, आणि मगच मूठ सोडायची. त्या दिवशीही तिनं कान नेला. ऐकत राहिली. मूठ काही सुटेना. मग ती कल्याणरामकडे वळली आणि तमिळमध्ये म्हणाली, “ते जरा बंद कर बाबा. स्वामी काय गातोय ते ऐकू दे मला.”

त्यानं बटण दाबलं.

गल्लीत काहीच ऐकू येईना. अण्णांचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली होती, डोळे मिटलेले होते, आणि आवाज नव्हता. कुजबुजही नाही, नुसती हवा. वहिनींच्या हातातली झांज थांबली.

गाणं मोडायचं नाही, हा नियम. अण्णा तो पाळत होते. आवाज गेला तरी ते थांबले नव्हते, किती दारं ते तसेच चालत आले होते कोणास ठाऊक.  आता कोणीतरी गायला हवं होतं, आणि अण्णांच्या शेजारी कल्याणरामच होता. आयुष्यात कधी एकटा न गायलेला माणूस, त्यानं तोंड उघडलं. पण अण्णा कुठल्या ओळीवर आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. त्यानं भावाच्या ओठांकडे पाहिलं, काही उमगेना, म्हणून सुचली ती ओळ धरली. बेसूर, फाटकी. ती चुकीची असणार, कारण अण्णांचे ओठ मध्येच थांबले. मग ते त्याच्या ओळीवर आले आणि त्याच्यासोबत हलू लागले. थोरला भाऊ आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याच्या मागून गात होता, आणि तेही आवाजाशिवाय. अलमेलुआजीनं मूठ सोडली आणि दोघांच्याही पायावर पाणी घातलं. आरती झाली.

मंडळी व्हॅनमध्ये बसली. अरसलारचा पूल ओलांडल्यावर कल्याणरामला राहवलं नाही. त्यानं अण्णांचा हात हातात घेऊन विचारलं, “कुठल्या शब्दापर्यंत होता आवाज? कुठे गेला, अण्णा?”

अण्णा त्याच्या कानाशी आले. नुसत्या श्वासानं बोलले, तुटक तुटक. “मला तरी कुठे कळलं? मलाही गिटारच ऐकू येत होती.”

यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला निदान रागाचा आधार मिळाला असता. अण्णांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिले, स्फूर्ती रोज करून घेते, अण्णा मुकाट्यानं करतात. जेवतात, पेपर बघतात, कोणी आलं तर हसतात. या आजारात पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कल्याणरामच्या जिवाला एकच लागून राहिलं. ज्या माणसाच्या आवाजावर तो वाढला, त्याचा शेवटचा शब्द कोणता? ते गाणं ज्या गल्लीत संपलं, त्या गल्लीत सगळ्यांत जवळ तोच होता, हातभर अंतरावर. आणि त्यालाच ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुकानातून सुटी घेऊन तो एकटाच साक्कोट्टैला गेला. हातात काही नाही, पायात चप्पल. आणि ज्या दारांवर जन्मात कधी हाक मारली नव्हती, ती दारं त्यानं एकेक करून वाजवली. प्रत्येक बाईला हात जोडून तेच विचारलं: त्या दिवशी तुमच्या दाराशी अण्णा काय गात होते, एखादा शब्द आठवतो का? एकीनं नवऱ्याला हाक मारून विचारलं, एकीनं सासूला. कोणाला पाय धुतल्याचं आठवत होतं, कोणाला अण्णांचा थरथरणारा हात. कोणाला काही सांगता येईना. काहींना तर ते गात होते हेच आठवत नव्हतं.

गल्लीच्या मध्यावर एक नवी सून राहते, विशालाक्षी नावाची. तिनं त्याला आत बोलावलं, कॉफी दिली, खूप आठवून पाहिलं. शब्द नाही आठवत म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं, म्हणून ती मनापासून बोलली.

“पण तुमची गिटार मात्र काय सुंदर ऐकू येत होती हो. दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.”

त्यानं अर्धी कॉफी तशीच ठेवली, तिला नमस्कार केला आणि पुढचं दार वाजवायला गेला.